काशाचा घाट, चिनी मातीचं अंग

चाकावरची माती

गेल्या पावसाळ्यात मी तीन पायांचं एक धुपाटणं घडवलं. पाय आतून पोकळ ठेवले होते, म्हणजे जाड मातीला तडा जायला नको. दहा दिवस सावलीत वाळवलं आणि पहिल्या भाजणीला लावलं. भट्टी उघडली तर दोन पाय जागेवर आणि तिसऱ्याचे तुकडे शेजारच्या वाडग्यांत विखुरलेले. माती नीट मळली गेली नसेल, कुठेतरी बुडबुडा राहिला असेल, असंच बरेच दिवस वाटत होतं.

मग एका रात्री दक्षिण सोंग काळातल्या (११२७–१२७९) लोंगछ्वान या चिनी गावच्या भट्ट्यांतल्या एका धुपाटण्याचा खालच्या बाजूने काढलेला फोटो बघण्यात आला. फिकट हिरवी, ओल्या शेवाळासारखी झिलई. प्रत्येक पायाच्या आतल्या अंगाला एक बारीक छिद्र, वरून बघणाऱ्याला कधी दिसणारही नाही असं. पोकळीत अडकलेल्या वाफेला आणि तापलेल्या हवेला तेवढीच वाट. माझ्या पायांना ती वाट नव्हती. तेव्हापासून या भांड्यांचा ध्यास लागलाय आणि गेले सहा-सात महिने मिळेल ते वाचतेय. इथे कुणाला रस असेल तर बोलूया म्हणून हा धागा.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. चीनमध्ये शांग आणि झोउ राजवटींत, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १६०० पासून पुढे, पूर्वजांच्या पूजेसाठी काशाची भांडी ओतली जात. अन्न शिजवायचं तीन किंवा चार पायांचं 'तिंग', मद्याचा तुतारीसारखं तोंड उघडणारा प्याला 'कू', फुगीर पोटाची सुरई 'हू', पोकळ पायांचं 'ली'. नंतर हजारो वर्षं चिनी कुंभार हेच घाट मातीत पुन्हापुन्हा करत राहिले. माझं धुपाटणंही त्याच 'ली'च्या वंशातलं.

पण 'ली' मुळात काशाचं नाहीच! ते नवाश्मयुगातलं मातीचं स्वयंपाकाचं भांडं आहे. पाय पोकळ आणि थानांसारखे फुगलेले, म्हणजे विस्तवाची आच जास्तीत जास्त अंगाला लागते आणि आतलं लवकर शिजतं. ही चुलीवरची अक्कल काशाने मातीकडून घेतली. दोन-अडीच हजार वर्षांनी सोंग कुंभारांनी काशाकडे बघून 'ली' परत मातीत केलं. त्यामुळे 'काशाची नक्कल' असं कुणी म्हटलं की मला ते अर्धंच खरं वाटतं. घाट आपल्या माहेरी परतलाय.

आता सोंग काळात हे का झालं, ते. सम्राट हुइझोंग ११०० मध्ये गादीवर आला. स्वतः चित्रकार, सुलेखनकार आणि जुन्या काशाचा विलक्षण शौकीन. राजसंग्रहातल्या ८३९ भांड्यांची चित्रांसह ३० भागांची सूची त्याच्या दरबारात तयार झाली. प्राचीन राजांसारखे विधी करायचे तर भांडीही अस्सल घाटाची हवीत, ही त्यामागची तळमळ. आणि ११२७ मध्ये सगळं कोसळलं. उत्तरेकडच्या जुर्चेन फौजांनी राजधानी काइफेंग घेतली, सम्राटाला कैद करून नेलं, राजवाड्यातली पूजेची भांडी गेली. दरबारातले जे वाचले ते दक्षिणेला पळाले आणि शेवटी हांगझोउला स्थिरावले.

देव आणि पूर्वज तेच, पूजा तीच, पण भांडी नाहीत. तांब्याचाही तुटवडा. तेव्हा दरबाराने पूजेची भांडी मातीत करून घेतली. हांगझोउच्या सरकारी भट्ट्यांतली ही 'क्वान' भांडी, क्वान म्हणजेच सरकारी. हरवलेल्या काशाच्या जागी उभं राहायचं काम त्यांच्याकडे आलं. म्हणूनच मला ती सजावटीच्या वस्तू वाटत नाहीत. त्यांच्या मागे एक उद्ध्वस्त घर आहे.

क्वानची माती लोहयुक्त, काळपट. अंग कधीकधी इतकं पातळ की वर चढवलेली झिलई त्याहून जाड. एकदा भाजायचं, झिलईत बुडवायचं, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, असे थरावर थर. ओठापाशी झिलई खाली सरकते आणि आतली काळी माती जांभळट दिसते. पायाच्या कडेला झिलई नसतेच, तिथे माती लोखंडासारखी. 'जांभळे ओठ, लोखंडी पाय' अशी या भांड्यांची ओळखच चिनी जाणकारांत रूढ आहे.

एवढ्यावर थांबते. ओतकामाची माहिती असणारं कुणी इथे असेल तर जरूर लिहा, ती बाजू मला कच्ची आहे.

आजोळ

किती मनापासून लिहिलंय! एक बाळबोध शंका. कासं तर पिवळं असतं. आमच्या आजीच्या काशाच्या वाट्या घासल्या की सोन्यासारख्या दिसायच्या. मग ही भांडी हिरवी का? आणि आपल्याकडे पितळ-तांब्याला हिरवं आलं की 'कळकलं' म्हणून ते ताक फेकून देतात, कल्हईवाल्याला हाक मारतात. तोच हिरवा रंग कुणाला हवासा वाटेल?

चाकावरची माती

@आजोळ, बाळबोध कसली, हीच खरी शंका आहे. ओतलं तेव्हा तेही सोनेरीच होतं. दोन हजार वर्षं ओल्या मातीत पुरलं गेल्यावर त्यावर हिरवे-निळे थर चढले. सोंग काळातल्या लोकांनी ते जमिनीतून निघालं तसंच पाहिलं, म्हणजे हिरवंच. आपल्याला ज्याची भीती वाटते तो थर त्यांना त्या भांड्याचं वय वाटला. शिवाय हिरव्या जेड दगडाला चीनमध्ये सर्वांत वरचा मान, त्यामुळे हिरवी झिलई त्यांना दुहेरी प्रिय. तांब्याशी मात्र तिचा संबंध नाही. ती येते झिलईतल्या अगदी थोड्या लोहामुळे, भट्टीत हवा कोंडून आग भुकेली ठेवली की. हवा मोकळी सोडली तर तीच झिलई पिवळट-तपकिरी निघते.

धातुरस

कोल्हापूरला फाउंड्रीत चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. ओतकामाची बाजू मी सांगतो.

आपल्याकडचे ओतारी मूर्ती मेणाने करतात. मेणाची मूर्ती, वर मातीचं आवरण, तापवलं की मेण वितळून जातं आणि त्या जागी धातू. शांग काळातल्या चिनी कारागिरांची रीत वेगळी. आधी भांड्याचा हुबेहूब नमुना मातीत करायचा. त्याच्या अंगावर ओल्या मातीचा जाड थर दाबून बसवायचा आणि जरा आवळला की सुरीने भाग कापून काढायचे. हे झाले साच्याचे तुकडे. नक्षी या तुकड्यांच्या आतल्या बाजूवर नीट करता येते. मग मूळ नमुना चहूबाजूंनी सारखा तासायचा. जेवढी जाडी तासली तेवढीच भांड्याची जाडी, आणि उरला तो गाभा, आमच्या भाषेत कोअर. सगळं भाजून पुन्हा जुळवायचं, मध्ये काशाचेच छोटे तुकडे ठेवून अंतर राखायचं आणि रस ओतायचा. तांबं, कथील आणि बऱ्याचदा शिसं.

आता यातली गंमत कुंभारांसाठी. साच्याचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे फटीत रस शिरतो आणि भांड्यावर उभी रेघ उठते. आम्ही तिला पार्टिंग लाइन म्हणतो आणि घासून काढतो. शांग भांड्यांवर बघा, नेमक्या त्या सांध्यांवर जाड उभ्या कंगोऱ्यांची पट्टी असते, दातेरी, ठसठशीत. दोष लपवायच्या ऐवजी त्याचा दागिना केला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. चीनमधल्या आन्यांगला १९३९ मध्ये सापडलेलं 'होउमुवू' नावाचं चौकोनी तिंग ८३२ किलोचं आहे. एका मुशीत एवढा रस मावत नाही. किती माणसं, किती मुशी, किती नेमकी वेळ साधली असेल, ते ज्याने भट्टीपुढे उभं राहून ओतकाम केलंय त्यालाच उमगेल.

चाकावरची माती

@धातुरस, तुमच्या प्रतिसादाने माझं एक कोडं सुटलं. लोंगछ्वान धुपाटण्याच्या खांद्यापासून तिन्ही पायांवरून खाली उतरणारी एक बारीक धार असते. तिथे झिलई निसटून पातळ होते आणि आतलं पांढरं अंग दिसतं, हिरव्यात ओढलेली दुधाची रेघ जशी. मला ती निव्वळ शोभेची वाटायची. आता ती त्या सांध्यावरच्या कंगोऱ्याची आठवण दिसतेय! मातीच्या भांड्याला साच्याचा सांधा नाही, तरी त्याची खूण जपली. आणि काशाचा साचाही मातीचाच. म्हणजे माती या गोष्टीतून कधी बाहेर गेलीच नव्हती.

टेम्सकाठ

धाग्याला मनापासून दाद. मी लंडनला राहतो. ब्रिटिश म्युझियमचं ९५ क्रमांकाचं दालन म्हणजे या विषयाचं भांडारच. जवळपास १७०० चिनी भांडी, काचेच्या कपाटांत एकाला एक लागून. जेवणाच्या सुट्टीत मी बऱ्याचदा तिथे जाऊन बसतो.

तिथल्या सर्वांत प्रसिद्ध निळ्या-पांढऱ्या जोडीबद्दल लिहितो. साधारण ६३ सेंटिमीटर उंच, सडपातळ मान, मानेच्या दोन बाजूंना हत्तीच्या डोक्यांच्या मुठी. घाट काशाच्या फुलदाणीचा. सोंडांत एकेकाळी चिनी मातीच्याच कड्या अडकवलेल्या होत्या, काशाच्या भांड्याला असतात तशा. आता कड्या नाहीत. मानेवर मजकूर लिहिलाय. झांग वेनजिन नावाच्या भक्ताने १३५१ मध्ये एक धुपाटणं आणि ही दोन भांडी देवाला वाहिली, घरच्यांच्या आणि मुलाबाळांच्या सुखासाठी. तारीख लिहिलेली असल्यामुळे निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा सारा कालक्रम लावताना अभ्यासकांना हा पक्का खुंटा मिळाला.

ते धुपाटणं मात्र आजवर सापडलेलं नाही. दोघांच्या मध्ये त्याची जागा रिकामी आहे असं मला दर वेळी वाटतं.

आणि हे आपल्या लोकांना ठाऊक असायला हवं: हा संग्रह करणारे सर पर्सिव्हल डेव्हिड मुंबईचे. जन्म १८९२, मुंबईत. जोडीतली दोन भांडी वेगवेगळ्या हातांत होती, ती त्यांनी एकत्र आणली. चिनी भाषा शिकले, जुने ग्रंथ मुळातून वाचले, एकाचं इंग्रजी भाषांतरही केलं. लंडनमधली त्यांची संस्था १९५२ मध्ये सुरू झाली. ती २००७ मध्ये बंद झाल्यावर २००९ पासून सगळा संग्रह या दालनात आहे.

फोर्टकर

पर्सिव्हल म्हणजे सर ससून डेव्हिड यांचे चिरंजीव. १९०६ साली बँक ऑफ इंडिया काढणाऱ्यांत वडील आघाडीवर होते. फोर्टातल्या त्या इमारतीवरून मी रोज जातो, पण हा धागा तिथून चिनी भांड्यांपर्यंत जातो हे आज कळलं.

@टेम्सकाठ, त्या जोडीतलं एक भांडं एल्फिन्स्टन यांच्याकडून आलं असं मी वाचलं होतं. आपले मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन का?

मुंबईकरांसाठी: छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी भांडी आहेत. लोक शिल्पं आणि लघुचित्रं पाहून थकतात आणि वरच्या या दालनांतून भराभर निघून जातात. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.

टेम्सकाठ

@फोर्टकर, नाव तेच, माणूस वेगळा. गव्हर्नर १८५९ मध्येच वारले. हे विसाव्या शतकातले संग्राहक. त्यांनी आपली एकरंगी चिनी भांडी डेव्हिड यांच्या संस्थेला देऊन टाकली.

जुनी पेटी

मला थोडं कडू लिहायचं आहे. सहा वर्षांपूर्वी एका दुकानातून मी 'सोंग काळातलं' म्हणून तीन पायांचं हिरवं धुपाटणं घेतलं. साठवलेले पैसे होते. झिलईवर जाळीदार तडे, तड्यांत तपकिरी रंग, खाली काळपट पाय. घरी आणून दोन वर्षं देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. मग एका जाणकार बाईंनी हातात घेतलं आणि ओल्या कापसाने आतली बाजू पुसली. कापसाला रंग लागला. चहासारखं काहीतरी मुरवलेलं होतं. पायांचा काळेपणाही वरून लावलेला. दुकानदाराने ओळखच दाखवली नाही.

पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की दोन वर्षं मी त्याच्यापुढे उदबत्ती लावत होते. हे तडे खरे कसे पडतात आणि खोटे कसे ओळखायचे, कुणी सांगेल का?

चाकावरची माती

@जुनी पेटी, वाचून फार वाईट वाटलं. उदबत्ती वाया गेली नाही असं मला वाटतं, पण तुमचा राग रास्त आहे.

तडे कसे पडतात ते सांगते. भाजल्यावर गार होताना माती आणि झिलई दोन्ही आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसली तर तिच्यावर ताण येतो, अंगावर तंग शिवलेला कपडा उसवावा तशी ती तडकते. आधी मोठे तडे, मग महिनोन्महिने त्यांच्यामध्ये बारीक. म्हणजे तडे हा खरं तर दोष. क्वानच्या कुंभारांनी तो मुद्दाम ओढवून घेतला. ते पाहून मला धातुरस यांचे कंगोरे आठवतात, तिथेही तेच. नंतर अशी भांडी केली गेली ज्यांत मोठ्या तड्यांत काळा आणि बारीक तड्यांत पिवळसर रंग दिसतो. त्याला 'सोन्याचा दोरा, लोखंडाची तार' म्हणतात. त्यामुळे तड्यांत रंग आहे म्हणजे खोटं, असं नाही. आणि रंग नाही म्हणजे खरं, असंही नाही. फोटोवरून निवाडा करणं तर अशक्यच. तळाची माती, पायाची कड, वजन, हाताला लागणारा झिलईचा मऊपणा, हे सगळं मिळून ठरतं. त्यासाठी खरी भांडी हाताळलेल्या माणसाची नजर लागते. पैसे देण्याआधी ती नजर शोधायची, नंतर नाही.

निळीशाई

सगळे सोंग काळावरच थांबलेत, म्हणून नंतरच्या छिंग राजवटीच्या काळाची बाजू मांडते. अठराव्या शतकात जिंगदेझेन या चिनी मातीच्या शहरातल्या राजभट्ट्यांवर तांग यिंग नावाचा अधिकारी होता. १७२८ मध्ये तिथे आला तेव्हा त्याला या कामातलं काही कळत नव्हतं. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की तीन वर्षं गाठीभेटी बंद केल्या आणि कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर राहिला. १७३५ मध्ये त्याने तिथे होणाऱ्या कामाच्या ५७ प्रकारांची यादी नोंदवली. त्यात जुन्या क्वान आणि रू (हीही सोंग काळातलीच भांडी) झिलयांच्या पुनर्निर्मिती आहेत.

त्या काळातली माझी आवडती झिलई म्हणजे 'चहाची पूड'. गडद हिरवट-तपकिरी, त्यावर पिवळसर हिरवे बारीक ठिपके. भट्टी सावकाश गार केली की लोहयुक्त झिलईत स्फटिक धरतात, तेच हे ठिपके. जुन्या काशाच्या घाटावर ही झिलई इतकी शोभते की दुरून धातूच वाटतो. पुढे छ्येनलुंग सम्राटाच्या काळात (१७३६–१७९५) तर कारागिरांनी काशाचा तपकिरी रंग, त्यावरचा हिरवा कळक, मध्ये सोन्या-चांदीचं जडावकाम, सगळं चिनी मातीवर रंगवून काढलं. हात लावेपर्यंत कळत नाही.

चाकावरची माती

@निळीशाई, तांग यिंगबद्दल वाचून डोळे भरून आले. चहाच्या पुडीशी सहमत. पण ती कळकासकट केलेली भांडी मला पटत नाहीत. सोंग कुंभाराने काशाचा घाट घेतला आणि बाकी सगळं मातीचं ठेवलं. छ्येनलुंगच्या कारागिराने माती लपवली. कौशल्य अफाट आहे, मान्य. पण त्यात मातीला बोलायला जागा कुठे?

निळीशाई

मला उलट वाटतं. माती काहीही होऊ शकते, हेच ती सांगतेय. आणि छ्येनलुंगला फक्त चमत्कृतीचा सोस होता असं नाही. मिंग राजवटीने १३६९ मध्ये पूजेची सगळी भांडी चिनी मातीची असावीत असं ठरवलं, पण रोजच्या वाडग्या-ताटल्यांचेच घाट वापरात राहिले. १७४८ मध्ये छ्येनलुंगने पूजेला पुन्हा प्राचीन घाट आणले. स्वर्गाच्या वेदीला निळी, पृथ्वीच्या वेदीला पिवळी, सूर्याला लाल, चंद्राला फिकट निळसर पांढरी. म्हणजे हुइझोंगची जी तळमळ तुम्ही लिहिलीत, ती सहाशे वर्षांनी तशीच शिल्लक होती.

चाकावरची माती

रंगांची ही वाटणी मला माहीत नव्हती. विचार करते. अजून पूर्ण पटलं नाही, पण पुढच्या वेळी ती भांडी पाहीन तेव्हा वेगळ्या डोळ्यांनी पाहीन.

धातुरस

याहून जुनं एक उदाहरण. हान काळात (इसवी सनापूर्वी २०६ ते इसवी सन २२०) थडग्यात ठेवायला 'हू' सुरया हिरव्या शिशाच्या झिलईत करत. खांद्यावर राक्षसाचा मुखवटा, त्याच्या नाकातून कडी. काशाच्या भांड्यावर ही कडी हलते, उचलायला उपयोगी पडते. मातीच्या सुरईवर ती अंगाशीच साच्यातून उठवलेली असते, हलत नाही. मेलेल्या माणसाला कुठे उचलायची होती? पण कडी असायलाच हवी, तिच्याशिवाय ते 'हू' नाही. कितीतरी सुरयांवर जमिनीतल्या ओलीने झिलई रुपेरी झालेली असते, माशाच्या खवल्यासारखी.

आजोळ

आजीच्या वाट्या माळ्यावरून काढल्या. चार होत्या, तीन सापडल्या. एकीच्या बुडाला आजीचं नाव टोचलेलं आहे, बारीक ठिपक्यांत. घासल्या नाहीत अजून.

चाकावरची माती

@आजोळ, घासायच्या आधी एक फोटो काढून ठेवा.

इकडची बातमी. परवा तीन पायांचं धुपाटणं पुन्हा भट्टीत लावलं. या वेळी ओल्या मातीतच प्रत्येक पायाला आतून सुईने छिद्र पाडलं. राखेची झिलई, तीन थर. आज पहाटे भट्टी उघडली. तिन्ही पाय शाबूत. रंग हवा तसा नाही, एका बाजूला पिवळट गेलाय, म्हणजे तिथे हवा शिरली. ओठ मात्र काळपट जांभळे झालेत.

टेबलावर ठेवलंय आणि झिलई अजून तडकतेय. 'टिंग' असा बारीक आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा. हे लिहितानाही दोनदा आला.